गुरुक्कळांची परवानगी

"दक्षिणा तिनं दिली. मी मागितली नव्हती."

"सात वर्षांचं पोर आहे ते, अच्छन. मुत्तच्छन म्हणाले मांजराच्या शेपटीला नमस्कार कर, तर तेही करेल."

"तूही सातच वर्षांची होतीस."

"म्हणूनच बोलतेय."

घरामागच्या कळरीत, म्हणजे आखाड्यात, लढाईची विद्या शिकवणाऱ्या चात्तू गुरुक्कळांनी मान वर केली नाही. पडवीत मांडी घालून ते तेलासाठी आणलेल्या मुळ्या निवडत होते. चांगली उजवीकडे, किडकी डावीकडे. लेकीचा आवाज चढला की बापाचा हात आणखी सावकाश चाले. ही त्यांची जुनी खोड, आणि प्रसीताला नेमकी तीच सोसत नसे. ती आल्यापासून बसलीच नव्हती. फणसापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून फणसापर्यंत तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

"टेक ना घटकाभर," स्वयंपाकघरातून माधवी अम्मा म्हणाली. "बसमध्ये उभी, माहेरी आली तरी उभी."

"बसमध्ये उभं राहायचा पगार मिळतो, अम्मा. इथे फुकट डोकं फिरतंय."

प्रसीता पय्यन्नूर डेपोची कंडक्टर. घाटातल्या वळणावर अख्खी बस एका अंगावर कलते, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि ही बाई दांडीला हात न लावता कमरेत जरा बसते आणि सुटे पैसे मोजते. ड्रायव्हर विचारत, चेची, पायाला डिंक लावता काय? ती म्हणे, सवय आहे. एकदा एका टग्यानं गर्दीचं निमित्त करून तिला मागून धक्का दिला. तो पुढच्या क्षणी खाली कसा बसला, ते त्याचं त्यालाच उमगलं नाही. तिकीट मात्र तिनं त्याला तिथेच, वाकून, हातात दिलं.

ही सवय कुठून आली ते ती कुणाला सांगत नसे. पण लेकीला, तन्मयाला, सातवं लागायच्या आधीपासून तिच्या डोक्यात एकच भुंगा होता: पोरीला असं काहीतरी शिकवायचं. सुट्टीच्या दिवशी ती पोरीला स्कूटरवर घालून गाव धुंडाळायची. कराटेचा वर्ग पाहिला. बॉक्सिंग पाहिलं; तिथे सासूबाईंनी नातीला आधीच बजावून ठेवलं होतं, नाक मोडून आलीस तर लग्नासाठी फोटो कुणाला दाखवायचा? सगळीकडे ती फी विचारायची, वेळ विचारायची, आणि निघताना सहज विचारल्यासारखं विचारायची, "तुमच्याकडे सगळ्यात मोठी मुलगी केवढी आहे?"

कराटेवाला म्हणाला, चौथीतली. बॉक्सिंगवाल्यानं डोकं खाजवलं.

पोलिसात गेलेला शिबू ज्यूदो शिकवायचा; त्याच्या वर्गात मात्र विचारायची वेळच आली नाही. पंचायतीच्या सभागृहात मॅट अंथरलेली, आणि कॉलेजातली एक धिप्पाड मुलगी एका पोराला खांद्यावरून आपटत होती. पोरगं उठलं, हसलं, पुन्हा आपटून घ्यायला उभं राहिलं. प्रसीतानं तिथल्या तिथे नाव घातलं आणि पांढरा पोशाख विकत घेतला, चांगला दोन मापं मोठा.

आणि आज सकाळी तो पोशाख घालून, बाह्या दुमडून, तन्मया मॅटपाशी गेली. चढण्याआधी वाकली. उजव्या हातानं जमिनीला स्पर्श केला, तो हात कपाळाला लावला, छातीला लावला, आणि उजवा पाय आधी टाकला.

शिबूनं तो कळरीत शिरतानाचा नमस्कार ओळखला आणि त्याचं हसू मावळलं. "कुणाची कळरी?"

"मुत्तच्छनची," तन्मयानं आजोबांचं नाव घेतलं. "विजयादशमीला मी पान दिलं, पानावर नाणं दिलं, पाया पडले. अच्छननं नेलं होतं. अम्माला सांगायचं नाही असं ठरलंय."

अम्मा, म्हणजे प्रसीता, मागेच उभी होती. विजयादशमीला तिची ड्यूटी होती. पोरीचा अच्छन, म्हणजे तिचा रिक्षावाला नवरा बिजेश, त्या रात्री फारच मायेनं भांडी घासत होता, ते तिला आता आठवलं.

"चेची, मी त्यांच्याच हाताखाली शिकलेला," शिबू खाली बघत म्हणाला. "माझा निखळलेला खांदा त्यांनीच बसवला. त्यांची शिष्या त्यांच्या शब्दाशिवाय मी कशी घेऊ?"

"ती माझी मुलगी आहे, शिबू."

"घरी तुमची. इथे आधी गुरूची. एक शब्द आणा, उद्यापासून मी शिकवतो."

म्हणून ती दुपार कलता कलता इथे आली होती, तो एक शब्द मागायला. आणि मागणं बाजूलाच राहून भांडण सुरू झालं होतं. तन्मया पांढऱ्या पोशाखात आजीच्या चुलीपाशी बसून उकडलेला कप्पा कंद आणि बांगड्याचं कालवण ओरपत होती.

"पोशाखावर सांडू नको," प्रसीता ओरडली, आणि त्याच दमात वळली. "अच्छन, आता कळरीत मुली किती?"

"आहेत."

"सगळ्यात मोठी केवढी?"

गुरुक्कळांचा हात मुळीवर थांबला. "दहाची."

"आणि ती नयना? ढाल-तलवारीपर्यंत आली होती म्हणे."

"तिच्या आईनं नेली."

"तुम्ही अडवलंत?"

"मी पहाटे दार उघडतो. येईल तो येईल."

"माझ्यासाठी नव्हतं उघडलं."

हे वाक्य तिनं आजवर कधी उच्चारलं नव्हतं. तेरा वर्षांची होती. साध्या काठ्या संपल्या होत्या, आणि आता हत्तीच्या सोंडेसारखी वळलेली ती काठी तिच्या हातात यायची होती. झोपेतसुद्धा तिचं मनगट त्या काठीसारखं वळायचं. मग ती पहिल्यांदा बाजूला बसली. ते दिवस सरले, न्हाली, आणि पहाटे कंबरेला कापड आवळून घरामागच्या पायऱ्या उतरली, तर कळरीच्या दाराला आतून कडी. आत मुलांचे पाय दणदण वाजत होते, बापाच्या आज्ञा एका दमात चालल्या होत्या. ती उभी राहिली. कडी निघाली नाही. परत आली तेव्हा अम्मानं तिच्या हातात मुसळ दिलं. त्यानंतर लग्न होईपर्यंत तिनं मुळ्या कुटल्या, तेल आटवलं, आणि ते तेल त्या मुलांच्या पाठीत जिरलं. कुणी एक शब्द बोललं नाही. ना त्या दिवशी, ना पुढे.

माधवी अम्मा पदराला हात पुसत दारात आली. "त्यांना बोलू नको. त्यांनी मला विचारलं होतं, आता कसं करायचं? मीच म्हटलं, माझ्या बहिणींना मोठ्या झाल्यावर घरी बसवलं तसंच."

"आणि यांनी ऐकलं," प्रसीता म्हणाली. "उभ्या जन्मात यांनी तुझं एकदा ऐकलं, ते नेमकं तेव्हा."

"काळ बदललाय आता, प्रसीते."

"काळाचं मला नको सांगू. यांचं सांगू देत." ती पडवीच्या पायरीपाशी येऊन थांबली. "अच्छन, दोनातलं एक करा. ही मोठी झाली तरी हिच्यासाठी दार लागणार नाही, असं अम्मासमोर म्हणा. पोशाख मी उद्या परत करते. नाहीतर शिबूसाठी शब्द द्या."

त्यांना वेळ लागेल असं तिला वाटलं होतं. ते चिडतील, कुळाचं नाव काढतील, शिबूला चार शिव्या घालतील. सगळ्याची उत्तरं तिनं बसमध्ये, दोन थांब्यांच्या मधे, घोकून ठेवली होती.

गुरुक्कळांनी हात पुसले. "तन्मया, इकडे ये."

पोर तोंड पुसत आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, उघडले. "जा. शिबूला म्हणावं, मुत्तच्छननं पाठवलंय. आणि पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची. विसरायचं नाही."

"इथे पण येऊ ना?" तन्मयानं विचारलं.

"अम्माला विचार," ते म्हणाले आणि मुळ्या टोपलीत भरू लागले.

झालं. मागायला आली होती ते मिळालं होतं. प्रसीताला आनंद व्हायला हवा होता. तिच्या हाताला मात्र करायला काही उरलं नाही; तिनं पोरीची बाही उलगडली, पुन्हा दुमडली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"तू मागितलंस. मी दिलं."

"एकदासुद्धा नको म्हणाला नाहीत."

"म्हटलं असतं तर ऐकणार होतीस?"

"नसतं ऐकलं. पण म्हणायचं तरी." तिचा आवाज आता चढला नाही, उलट उतरला. "शिबू पोलिसात निघाला तेव्हा तुम्ही त्याच्या घरी जाऊन बसला होतात. त्याच्या आईला म्हणालात, एवढा मुलगा माझ्यापाशी राहू द्या. चहासुद्धा घेतला नाहीत. मी होते बरोबर, मी ऐकलंय. नयनाच्या घरी गेलात? माझ्यासाठी त्या दारापर्यंत तरी आलात? आणि आज ही. मागितली की दिली, जशी काय उसनी आणलेली परात. ही मुलगा असती तर देऊन टाकली असतीत अशी?"

"प्रसीते," माधवी अम्मा म्हणाली.

"थांब अम्मा. मला यांच्याकडून ऐकायचंय."

कळरीत दिवा लावायची वेळ झाली होती. चात्तू गुरुक्कळ गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकून पुन्हा टाकला, तेलाची बुधली उचलली आणि तिच्या अंगावरून घरामागच्या पायऱ्यांकडे निघून गेले.