कोणी न बसलेली मखमल

संगणकावर कापड विणावं लागत नाही, ते कापडच आहे असं बघणाऱ्याला पटवावं लागतं. मी तेच काम करते. फर्निचर विकणाऱ्यांसाठी सोफे, पडदे, गाद्या यांची थ्रीडी चित्रं बनवते आणि गिऱ्हाईक त्यांना फोटो समजतं.

मध्यंतरी एका नव्या कंपनीने चाचणी म्हणून निळ्या मखमलीचा सोफा करायला दिला. तो पास झाला तर काम घरून, म्हणजे नाशिकला आईवडिलांजवळ राहून करता येणार होतं. नाहीतर पुण्याची नोकरी आणि शनिवार-रविवारच्या एसटीच्या चकरा होत्याच. वडिलांचे गुडघे तोवर कामातून गेले होते. मला ते काम हवंच होतं, म्हणून रजा टाकून नाशिकच्या घरी बसले.

मखमल समोरून काळपट दिसते आणि कडेला उजळते. सॉफ्टवेअरमधले आकडे खालीवर करून ते मी जमवलं. कापडावरची मऊ लव सगळीकडे एकसारखी, एकाच दिशेला बसवली. सोफा परत आला. कंपनीत काम तपासणाऱ्या बाईंचं म्हणणं, कापड छान झालंय, पण यावर कधी कोणी बसलंय असं वाटत नाही.

वाटणार कुठून? मी जवळून पाहिलेली मखमल एकच, आमच्या हॉलमधली. ओझरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर वडिलांनी मोठ्या हौसेने मरून रंगाचा सोफा घेतला. आल्या दिवसापासून त्यावर चादर आहे. पाहुणे आले की ती निघते, गेले की पुन्हा चढते. वडील स्वतः दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. आमच्या कॉलनीत घरोघरी हीच तऱ्हा, त्यामुळे यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मी चादर काढली आणि वडिलांना म्हटलं, जरा बसा, फोटो हवेत. ते परक्या घरी बसावं तसे कडेला टेकले आणि लगेच उठून तळव्याने लव सारखी करायला लागले. मला नेमकी तीच खूण हवी होती. मी त्यांना हाताला धरून परत बसवलं, नीट मागे टेकवून. मांडीखाली लव दबली, हाताजवळ उलटी फिरली, तिथे रंग फिका दिसायला लागला. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. तिची नजर बाजूला पडलेल्या चादरीवर गेली.

त्या फोटोंवरून केलेला सोफा पास झाला आणि मी पुण्याचं बिऱ्हाड हलवलं.

फोटो मात्र त्या दिवशी थोड्याच वेळात काढून झाले होते. मी मोबाइल खाली ठेवला तसं वडिलांनी विचारलं, "तुझं काम झालं ना? मग उठू का मी?"

स्वतःच्या कमाईच्या सोफ्यावरून ते उठायची परवानगी मागत होते. मला फार वाईट वाटलं.

"नाही बाबा, अजून बराच वेळ लागेल," मी म्हटलं.

मग त्यांनी सावकाश पाय लांब केले.