वायर काढल्यावर उघडतं का?

आमच्या बिल्डिंगमध्ये मध्यंतरी एक बातमी फिरत होती : लिफ्टबाईने तीन बाप्यांना लिफ्टमध्ये कोंडलं आणि आपल्या मनासारखं होईपर्यंत सोडलं नाही. दूधवाल्याने ती मलाच ऐकवली. ऐकून वाईट वाटलं, कारण मूळ बातमी दोन दिवसांपूर्वी पहिल्या मजल्यावर मीच सोडली होती आणि तेव्हा ती एवढी वाईट नव्हती. लिफ्ट तिच्यात मागाहून शिरली. खरं सांगायचं तर जागा होती लिफ्टबाईची बाहेरची खोली, दार सताड उघडं होतं, आणि त्या तिघांना हाताला धरून बाहेर काढलं असतं तरी ते हलले नसते. मला ठाऊक आहे, कारण सगळा वेळ मी तिथेच बिस्किटं खात होतो.

लिफ्टबाई म्हणजे माझी भिंतीपलीकडची शेजारीण. वय बावन्न. एकविसाव्या वर्षी मामाच्या हाताखाली लिफ्टदुरुस्तीला लागली, ती अजून तेच करते. पहिल्या दिवशी मामा म्हणाला होता, "पोरी, ग्रीस नखातून जात नाही हं." ते खरंच गेलेलं नाही. नव्या इमारतीत पाय ठेवला की लोक आरसे बघतात, ही मेन स्विच शोधते. स्विच बंद करायचा आणि आत माणूस असता तर कसा निघाला असता, ते आधी बघायचं, हा तिचा नियम. वीज गेली की वर जाऊन ब्रेक सोडायचा, चाक हाताने फिरवायचं, आणि पाळणा, म्हणजे माणसं उभी राहतात तो डबा, मजल्याला आणून लावायचा. ज्या लिफ्टला हाताचं चाक नाही, त्या लिफ्टच्या कागदावर ती सही करत नाही. साहेब येवोत की साहेबांचे साहेब.

यामागे एक दुपार आहे. पंधरा वर्षांपूर्वी एका ऑफिसच्या इमारतीत नव्या पद्धतीची लिफ्ट अडकली. आत एक म्हातारी आणि तिचा नवरा. तिची विजेची पेटी उघडायला कंपनीकडून गुप्त आकडा घ्यावा लागे, आणि आकडा देणारा माणूस जेवायला गेलेला. लिफ्टबाई हातात पाना घेऊन दाराबाहेर साडेतीन तास उभी. आत म्हातारी आधी बोलत होती, मग रडत होती, मग गप्प झाली. दोघं सुखरूप निघाली, पण तेव्हापासून "आकडा विचारून उघडायचं" म्हटलं की या बाईच्या कपाळावर आठी उमटते.

आता खेळाचं. नऊ वर्षांपूर्वी तिचा पाय मोडला. दीड महिना पडून राहणं म्हणजे हिला जन्मठेप. तेव्हा धाकट्या भावाने कॉम्प्युटरवरचा एक खेळ आणला, डबीतल्या तबकडीवरचा. रूळ टाकायचे, पूल बांधायचे, गाड्यांचं वेळापत्रक लावायचं. "ताई, आयुष्यभर माणसं वर-खाली नेलीस, आता जरा आडवी ने," म्हणाला. पाय बरा झाला, खेळ सुटला नाही. दर शनिवारी दुपारी तिच्या खोलीत चार जण बसू लागले : ती, भाऊ, दुसऱ्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर आणि समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर. चार कॉम्प्युटर, मधे एक वायर. नऊ वर्षं एकच नकाशा. तीनशेबारा स्टेशनं झाली आहेत, आणि त्यातल्या एकाला माझं नाव आहे. तिथे कुठलीच गाडी थांबत नाही.

तर खेळाच्या कंपनीने फतवा काढला. यापुढे खेळ तिच्या लाँचरमधूनच चालणार. लाँचर म्हणजे कंपनीचं दुकान आणि दरवान एकाच सोंगात : आधी ते उघडायचं, आपलं खातं दाखवायचं, त्याने इंटरनेटवरून मान डोलावली की खेळ सुरू. जुने नकाशे नव्या खेळात न्यायचे असतील तर शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. नंतर बंद.

आणि नेमकी भावाची बदली झालेली. विमा कंपनीत आहे तो. पुढच्या महिन्यात आठ तासांच्या अंतरावर जाणार. जुना खेळ एका खोलीत, एका वायरवर. नवा खेळ कुठूनही. लाँचर घेतला तर भाऊ शनिवारी टेबलाशी राहणार, नाही घेतला तर त्याची खुर्ची रिकामी. आणि घेतला, तर नऊ वर्षांच्या नकाशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. एवढाच पेच होता, पण त्या शनिवारी खोलीत शिरलो तेव्हा चहा कोणी प्यायलेला नव्हता. त्यावरून मी काय ते ओळखलं.

मी तिथे कसा? लिफ्टबाईच्या घरी इंटरनेट नाही. त्या दिवसापुरतं माझं घेतलं होतं, भिंतीतून. त्यामुळे मला मान होता.

"माझी डबी, माझी तबकडी, आणि माझ्याच घरात शिरायला वॉचमनला विचारायचं?" मास्तर उभे राहून बोलत होते. बसून त्यांना तत्त्व सुचत नाही. "उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तर? खातं बंद केलं तर? आज मी माझी डबी पुतण्याला देऊ शकतो. उद्या काय देऊ, पासवर्ड?"

"मास्तर, तुमच्या तबकडीवर एवढे ओरखडे आहेत की ती आता किसणी म्हणून वापरा," भाऊ म्हणाला. "लाँचरमध्ये चुका आपोआप दुरुस्त होतात. मशीन जळालं तरी खेळ राहतो. सगळं जग तिकडे गेलंय."

"जग खड्ड्यात गेलं तर जाशील?"

"पूल बांधणारी ताई आहे ना. कंपाउंडर, तुम्ही बोला."

कंपाउंडर दिवसाला दहा शब्द वापरतो, त्यातले सहा गोळ्यांची नावं असतात. तो म्हणाला, "माझ्या नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची खाचच नाही."

"म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूने?"

"खाचेच्या बाजूने."

 घड्याळात साडेचार झाले. शेवटी लिफ्टबाई म्हणाली, "भांडून लिफ्ट चालत नाही. पहिल्यांदा वजनं, मग माणसं." म्हणजे नवी लिफ्ट आधी वजनं घालून चालवतात, तसा एखादा फालतू छोटा नकाशा आधी नेऊन बघायचा. "पण खातं कोणाचं?"

भाऊ खिडकीबाहेर बघू लागला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"तू काढलंयस?" तिने विचारलं.

"मागच्या आठवड्यात. नुसतं बघायला."

"विश्वासघात!" मास्तर.

"ताकाला जाऊन भांडं लपवलंस होय," ती एवढंच म्हणाली, पण कसनुसं हसत म्हणाली, आणि ते मास्तरांच्या ओरडण्यापेक्षा भावाला जास्त लागलं. कान लाल झाले त्याचे.

तीन स्टेशनांचा नकाशा भावाच्या लॅपटॉपवरून वर, म्हणजे कंपनीच्या मशीनवर, गेला. खेळ उघडला, आणि काय सांगू, रूळ चकाचक, इंजिनाचा धूरसुद्धा वाऱ्याच्या दिशेने. कंपाउंडर खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "वा." भावाने विजयी नजरेने मास्तरांकडे बघितलं.

"खेळ बंद कर," लिफ्टबाई म्हणाली. मग मला, "भावजी, तुमचं इंटरनेट बंद करा."

मी घरी पळालो, बटण दाबलं, परत आलो. पडद्यावर पाटी : खात्याची खात्री करता येत नाही. खेळ उघडेना.

"बघा!" मास्तर.

"थांबा हो! ऑफलाइनची सोय आहे," भाऊ घाईघाईने म्हणाला. "पण ती इंटरनेट चालू असतानाच आधी लावून ठेवायची असते."

लिफ्टबाईने त्याच्याकडे मान तिरकी करून बघितलं. "म्हणजे मी अडकणार आहे, हे लिफ्टला मी आदल्या दिवशी कळवायचं?"

मी पुन्हा पळालो. चालू केलं. भावाने सोय लावली. मी पुन्हा पळालो. बंद केलं. एवढा व्यायाम मला डॉक्टरने सांगूनही झाला नव्हता. या वेळी खेळ उघडला. भावाने टेबलावर थाप मारली, मास्तर खाली बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

साडेपाच. वाटलं, संपलं. पण ती खुर्चीवरून उठेना.

"हे असं किती दिवस चालतं? इंटरनेटच्या वायरीशिवाय?"

 तिने लॅपटॉपमधली तारीख एक महिना पुढे केली. भाऊ "अगं ताई" म्हणेपर्यंत खेळ पुन्हा सुरू केला. पुन्हा तीच पाटी : खात्याची खात्री करता येत नाही.

भिंतीपलीकडे माझ्या घरातल्या कुकरने शिट्टी दिली. पंचवीस मिनिटं राहिली होती.

भाऊ उठला. आवाज चढवला नाही त्याने, तेच वाईट होतं. "ताई, महिनाभर इंटरनेट नसणार असं जगात कुठे होतं? तुला ती साडेतीन तासांची म्हातारी सोडत नाही. मी आठ तासांवर चाललोय. तिथे मला कोणी ओळखत नाही. शनिवार दुपार एवढीच गोष्ट मी बरोबर नेणार होतो. तुला ते चाक पाहिजे की मी, एवढं सांग. मग मी निघतो."

निघाला मात्र नाही. कोणीच निघालं नाही. कंपाउंडर डोळे मिटून बसला होता, मास्तरांकडे पहिल्यांदाच तत्त्व उरलं नव्हतं. माझ्या हातात बिस्किट होतं, ते चावायची सोय नव्हती.

लिफ्टबाई नखातलं ग्रीस बघत बसली. पावणेसहा झाले. मग भलतंच काहीतरी विचारलं, "तिकडच्या खोलीत इंटरनेट आहे का रे?"

"आहे," भाऊ म्हणाला. 

"खिडकी?"

"एक आहे."

"बरं." ती उठली. "जुन्या मशीनवरचा नकाशा जागेवरून हलणार नाही. त्याची प्रत वर जाईल, माझ्या नावाने. खातं काढा माझं. शनिवारी तुझ्याबरोबर वर खेळेन. आणि वर जो रूळ पडेल तो रविवारी मी इथे, बिनवायरीच्या मशीनवर, हाताने पुन्हा टाकेन."

"सगळे? प्रत्येक आठवड्याला?" मास्तरांना राहवेना.

"तुम्ही आकडे वाचा, मी टाकते."

माझं इंटरनेट पुन्हा चालू करून मी परत आलो, मग खातं काढण्यात चार मिनिटं गेली. तिची जन्मतारीख भावाला ठाऊक होती, तिला आठवावी लागली. सहाला सात मिनिटं असताना प्रत वर जाऊ लागली. चाळीस टक्के. सत्तर. एक्क्याण्णवला थांबली. हलेना. सहाला तीन मिनिटं. भाऊ पडद्यावर टकटक करू लागला, जणू आत कोणी झोपलंय.

"भावजी," लिफ्टबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या घरात काय चालू आहे?"

 आमच्या हिची इंटरनेटवरची मालिका! मी जो धावलो तो चपलेविना. ही टीव्हीसमोर, आणि नायिकेच्या सासूला सगळं कळणार त्याच क्षणी मी टीव्हीचं बटण बंद केलं. त्यानंतर ही जे बोलली ते छापण्यासारखं नाही. मी परत आलो तेव्हा चौघं पडद्याला नाक लावून उभे होते. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. मास्तर, ज्यांनी दुपारी लाँचरला साम्राज्यशाही म्हटलं होतं, ते पुटपुटत होते, "चढ रे बाबा, चढ."

सहाला एक मिनिट असताना चढलं. कंपाउंडरने गार झालेला चहा एका घोटात संपवला. भावाने ताईच्या खांद्यावर हात ठेवला, तिने तो तसाच राहू दिला, आणि म्हणाली, "खुर्च्या जागेवर लावून जा."

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगतो. पुढचं फार जणांना ठाऊक नाही, कारण त्यात कोणी कोंडलं जात नाही.

भाऊ गेला. मास्तरांनी आणि कंपाउंडरनेही खाती काढली, इंटरनेट माझंच राहिलं. दोन शनिवार झकास झाले. त्याच्या मालगाड्या आठ तासांवरून येऊन आमच्या तीनशेबारा स्टेशनांवर थांबत होत्या, माझं सोडून. रविवारी मास्तर आकडे वाचत, लिफ्टबाई जुन्या मशीनवर तेच रूळ पुन्हा टाकत बसे. मी तिला वेडी म्हटलं, तर मलाच एका पुलाचे खांब मोजायला लावले.

तिसऱ्या शनिवारी लाँचर उघडेना. दुरुस्तीसाठी सेवा बंद, कधी सुरू होईल सांगता येत नाही, एवढीच पाटी. ऑफलाइन केलं तर जो तो आपापल्या पडद्यावर एकटा. दहा मिनिटं सगळे पाटीकडे बघत होते. मग लिफ्टबाईने जुनं मशीन चालू केलं, तिन्ही खुर्च्या त्याच्यासमोर ओढल्या, भावाला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"कुठून चालू करायचं सांग. तुझ्या गाड्या मी चालवते."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "उत्तरेची मालगाडी. साडेतीनची."

"सुटली."

"पुलावर सिग्नल बघ हं."

"कंपाउंडर बघतोय."

तासभर असं चाललं. एक माऊस, तीन माणसं, आणि फोनमधून हुकूम सोडणारा चौथा. शेवटी भावालाच राहवलं नाही. म्हणाला, "ताई, एकदा म्हणून टाक. 'मी सांगितलं होतं' म्हण. मी ऐकून घेतो."

मी कान टवकारले. माझ्यासारख्याला यापरतं काय हवं? पण लिफ्टबाईने माऊस सोडला नाही.

"अडकलेल्या माणसाला आम्ही आधी बाहेर काढतो," ती म्हणाली. "बटण कोणी दाबलं होतं ते कागदावर नंतर लिहितो. दक्षिणेची गाडी सोडू का बोल."