जना नुसतं एंटर दाबायचा नाही

जना गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यालाच शिव्या घालत होतो. दापोड्याच्या गोदामातलं मशीन अपडेट करायचं होतं. सकाळीच येतो म्हणाला होता आणि जेवायची वेळ झाली तरी हा बाबा गायब! फोनवर वहिनी होत्या. हार्ट अटॅक... त्याच्या गावाहून, दिघाशीहून, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

कामतघरला आमचं दोघांचं कॉम्प्युटरचं दुकान. गोदामांना लिनक्स ही फुकटची प्रणाली बसवून द्यायचं वेड जनाचं, धंद्याचा वैताग माझा. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की ती मशीनवरच कंपाइल करावी लागायची, म्हणजे मूळ कोडपासून बांधून घ्यावी लागायची. त्याआधी कुठली सोय हवी, कुठली नको, असे ढीगभर प्रश्न मशीन विचारायचं. जुन्या प्रश्नांची आधीची उत्तरं मशीन आपणहून घ्यायचं, पण एखादी नवी सोय आली असेल तर अडून बसायचं : ही हवी की नको? सगळं जग अशा वेळी एंटर दाबून, मशीन सुचवेल ते उत्तर घेऊन मोकळं होतं. जना उठून गोदामात जायचा! "सलीमभाई, आगे जाके मोडेम बदलोगे क्या?" माल उतरवून घेणारा सलीम कावायचा, "अरे भाई, तेरे को जो ठीक लगे वो कर ना!" मी म्हणायचो, "जना, एंटर दाब आणि चल बाबा." तर म्हणे, "न्हाय रे, मशीन त्यांचं हाय. आपण कोण ठरवनार?" एका अपडेटला अख्खा दिवस! गिऱ्हाईकं कंटाळून एकेक करत निघून गेली, तरी याला फिकीर नाही. आम्ही कचाकचा भांडायचो, अबोला धरायचो आणि संध्याकाळी एकत्र चहा प्यायचो.

तेराव्यानंतर दापोड्याच्या गोदामाच्या शेटचा निरोप आला, अपडेट करा, नाहीतर तुमचं काढून दुसरं बसवतो. जनाच्या हातचं तेवढं एकच मशीन उरलं होतं. गेलो. त्याची जुनी उत्तरं पडद्यावरून सरसर निघून गेली आणि मग अडलं. यूएसबी प्रिंटरची सोय, हवी की नको? असा संताप आला! मेल्या, मोडेमसाठी गोदामभर विचारत फिरायचास, आणि महिनाभर छातीत दुखत होतं ते आम्हाला मागाहून तुझ्या खिशातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरून कळावं, एकालाही सांगितलं नाहीस? वहिनींनासुद्धा नाही...

मी उठलो नाही, कुणाला विचारलं नाही. 'हो' टाकलं, एंटर दाबलं. थोड्या वेळाने मशीन व्यवस्थित चालू झालं.

"हो गया? इतनी जल्दी?" सलीम दारातून म्हणाला. आणि मी तिथेच, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून, ओक्साबोक्शी रडलो.