माणिकने वळवलेला भोंगा

परभणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं दुकान आहे. गेल्या महिन्यात एका सकाळी तिथला दुकानदार अनवाणीच दारात आला. "गुरुजी, तुमच्या गावाकडून फोन होता. माणिक शिपाई गेले म्हणून सांगा म्हणले." माणिक दहाला गेला होता आणि अकराच्या आत मला कळलं होतं. माझ्या वडिलांच्या मरणाची तार मला तिसऱ्या दिवशी मिळाली होती. बातमी आता लवकर पोचते, एवढंच खरं. ती ऐकून माणूस जिथं होता तिथंच बसून राहतो... मीही राहिलो.

माणिक आणि मी एका वर्गात. सातवीनंतर त्याची शाळा सुटली. मी शिक्षक होऊन गावातल्याच शाळेत आलो आणि तो ग्रामपंचायतीत शिपाई लागला. एसटी चुकली की पिंगळी स्टेशनावर उतरून दोन तास चालावं लागायचं, असं आमचं गाव. पंचायतीत सरकारी रेडिओ होता, छपरावर त्याचा भोंगा. संध्याकाळी सातच्या बातम्या लावणं माणिकचं काम. सुरुवातीला चार म्हातारे यायचे. मग बाजारभाव ऐकायला शेतकरी येऊ लागले, पाण्याला निघालेल्या बाया घागर कमरेवर घेऊन थबकू लागल्या. बघता बघता अर्धं गाव जमायला लागलं. गावातले पंचायतीच्या ओट्यावर बसत, भीमनगरची माणसं खाली रस्त्यावर. ही बसायची रीत मला तेव्हा खटकली नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. बातम्या चालू असताना कुणी तोंड उघडलं की माणिक म्हणायचा, "आधी ऐका, मंग भांडा."

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्याकडं दिवसातून दोनदा एसटी यायची, आणि दर गाडीतून नवीन अफवा उतरायची. अमुक गाव जाळलं, तमुक गावाहून माणसं कुऱ्हाडी घेऊन निघालीत. सरपंचांनी माणिकला बोलावून सांगितलं, "रेडू बंद ठेव. बातम्यांनी डोकी फिरायलीत लोकांची."

"मालक, बातम्यांनी न्हाई फिरायलीत. एसटीतून जे यायलंय त्येनं फिरायलीत," माणिक म्हणाला. सरपंचांनी हातानंच जा म्हणून खुणावलं. तो हुकूमच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणिक शाळेत आला आणि शिडी मागितली. भीमनगरची चार घरं गाठोडी बांधून बसली होती, दिवस मावळला की लेकरं घेऊन पिंगळीला, तिथून गाडीनं पूर्णेला जायचं म्हणून. ओट्यापाशी यायची त्यांची छाती होत नव्हती. मी शिडी धरली. माणिक छपरावर चढला, भोंग्याचे स्क्रू ढिले केले आणि त्याचं तोंड भीमनगरकडं फिरवलं. संध्याकाळी त्यानं रेडिओ लावला, आवाज होता तेवढा सगळा सोडला. रस्त्यांवर गाड्या अडवल्या जातायत, लोकांनी प्रवासाला निघू नये, असं बातम्यांत सांगितलं. निघालेली कुटुंबं थांबली. पुढचे आठ दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. आमच्या गावात एक कडब्याची गंजी जळली, माणसं वाचली.

पंचायतीची बैठक बसली. "कुणाला इचारून भोंगा फिरवला? संगं कोण होतं?" सरपंचांनी विचारलं. माणिकनं माझ्याकडं पाहिलं नाही. "म्या एकट्यानं," म्हणाला. मी भिंतीला टेकून उभा होतो. मी बोललो नाही. बदलीची भीती होती, घरात तान्हं लेकरू होतं... कारणं खरीच होती. माणिकची नोकरी त्याच दिवशी गेली. भोंगा उतरवून कपाटात ठेवला. दिवाळीनंतर माणिक आणि त्याची बायको सरूवैनी ऊसतोडीला गेले, आणि पुढं आठ वर्षं जात राहिले.

ते कायमचे परत आले तेव्हा गावात टीव्ही आला होता, सरपंचांच्या बैठकीत. रविवारी सकाळी जागा पुरायची नाही. कुणी आत बसायचं, कुणी उंबऱ्याशी, कुणी अंगणाकडच्या खिडकीतून बघायचं, हे घरधनी ठरवायचा. भीमनगरची पोरं खिडकीला लटकायची, कुणी हटकलं की पांगायची. माणिक एकदाच गेला आणि पाच मिनिटांत माघारी आला. मला म्हणाला, "गुरुजी, भोंग्याला दार नव्हतं." पुढं घरोघरी टीव्ही झाले, तारेवरून वाहिन्या आल्या. बघणारे पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले असतील. पण एकाच बातमीवर शेजारी बसून भांडणारे दिसेनात. मला याचं बरं वाटावं की वाईट, हे ठरवण्याचाही आता कंटाळा येतो.

यंदा जानेवारीत विद्यापीठाच्या नामविस्ताराचं जाहीर झालं, बदली होऊन परभणीला आलेला मी त्या आठवड्यात गावी गेलो. माणिक अंगणात खाटेवर पडून होता, कमरेला पट्टा. सोळा वर्षं मनात धरलेलं विचारलं, "माझ्यावर राग हाय का रे?"

त्यानं कमरेचा पट्टा जरा सैल केला. "होता. मोळी उचलताना पाठ दुखायची, तवा लय होता. मंग नुस्ती पाठच दुखायची राह्यली."

मी हात जोडले. त्यानं ते खाली केले आणि म्हणाला, "चहा घेऊन जा."

तेराव्यानंतर पुन्हा गेलो. गावच्या पारावर त्याच्याविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा शिडी मी धरली होती हे सांगून टाकलं. जुने पंच मान खाली घालून बसले होते. ऐकणारी निम्मी माणसं तेव्हा जन्मलीही नव्हती.

संध्याकाळी सरूवैनींकडं बसलो होतो. त्या स्टोव्हवर भाजी शिजवत होत्या. सात वाजायच्या सुमारास त्यांनी स्टोव्हची हवा सोडली. फरफर थांबली, घर एकदम शांत झालं. भाजी अजून कच्ची होती. रॉकेल संपलं का, मी विचारलं.

"न्हाई भावजी," त्या म्हणाल्या. "ह्या टायमाला त्यान्ला स्टोचा आवाज चालत नसायचा."

दहा मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता बसलो. मग त्यांनी काडी ओढली आणि स्टोव्हला पंप मारायला घेतला.