कासलबारचा भोपळा

डब्लिनजवळ डून लेरीला मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, ते नव्वदी ओलांडलेले गणिताचे निवृत्त प्रोफेसर होते. महायुद्धात, कॉलेजच्या वयात, त्यांना इंग्लंडमध्ये शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायच्या कामावर घेतलं होतं. युद्ध संपल्यावर ते डब्लिनला परतले आणि पुढचं सगळं आयुष्य शुद्ध गणितात घालवलं. त्यांचं संशोधन गाठींवर होतं, पण आपल्या जगात बांधताच येत नाहीत अशा गाठींवर. "कुणाच्याही कसल्याही उपयोगाचं नाही," असं ते समाधानाने सांगायचे. त्यांच्या बुटांच्या नाड्या मात्र मी बांधून द्यायचो.

२०१६च्या उन्हाळ्यात नागपूरहून आई आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी. रोज सकाळी ती स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर टाकून अमरावतीच्या मावशीशी बोलायची आणि प्रोफेसर समोर चहा घेत बसायचे.

"हा मास्तर काहीच नाही करत वं, नुसता भिंतीकडे पाहून राहिला," ती त्यांच्या तोंडावर सांगायची. ते अदबीने मान डोलवायचे.

थोड्या दिवसांनी ते मला एकेक शब्द विचारू लागले. उंची म्हणजे काय, रविवार म्हणजे काय. या वयात मराठी शिकतायत याचं मला कौतुक वाटलं.

मग एका शनिवारी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावून दार लावलं.

"तुझी आई ज्या भोपळ्याबद्दल बोलते, तो भोपळा नाही."

भोपळ्याचं बोलणं माझ्याही कानावर होतं. आयर्लंडच्या पश्चिमेला कासलबार गाव आहे, तिथे कुठेतरी चांगला लाल भोपळा मिळतो, असं मी धरून चाललो होतो.

"भोपळ्याची उंची कुणी विचारत नाही," ते म्हणाले. "भोपळ्याला नाइट ड्यूटीही नसते. ती कासलबारच्या हॉस्पिटलमधली डॉक्टर आहे. पुढच्या रविवारी जेवायला येतेय. तुझ्यासाठी."

मला कळू नये म्हणून दोघी बहिणींनी मुलीचं नाव भोपळा ठेवलं होतं. कासलबारला मात्र त्यांना दुसरं नाव सुचलं नव्हतं. संदेश पाठवणारा कुठेतरी असा आळस करतोच, युद्धातही करायचा, असं प्रोफेसर म्हणाले.

मी तडक आईकडे निघालो, तर त्यांनी माझी बाही धरली. "आपल्याला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही. नाहीतर त्या संकेत बदलतील."

म्हणून मी आठवडाभर अडाण्यासारखा वागलो. "रविवारी दाढी करजो, सहज," आई म्हणाली. मी बरं म्हटलं.

रविवारी डॉक्टर आली. "मावशीच्या ओळखीची आहे, सहज आली," आईने सांगितलं. तेवढ्यात प्रोफेसर टेबलाला धरून उभे राहिले आणि स्वच्छ नागपुरीत म्हणाले, "या बाप्पा, बसा. उंची बरी आहे."

तव्यावरची पोळी करपली.

"यायले मराठी समजते?" आईने मला विचारलं.

"समजतं."

"कधीपासून?"

"तू आलीस तेव्हापासून थोडंथोडं."

आई खुर्चीत बसली. इतक्या दिवसांत आपण काय काय बोललो हे ती आठवत असावी. डॉक्टरने आपल्या उंचीचा विषय कुठून आला असं विचारलं, तेव्हा प्रोफेसरांनी स्वतःचाच नियम मोडून तिला भोपळ्याची उकल पहिल्यापासून समजावून दिली, वर्गात शिकवावी तशी. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या घरच्यांनी तिलाही एका म्हाताऱ्या माणसाचं ब्लडप्रेशर बघायचंय असं सांगून पाठवलं होतं. मशीन पर्समध्ये होतं. जेवणाआधी तिने ते त्यांच्या दंडाला बांधलं आणि आकडा बघून आयरिश लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणाली.

संध्याकाळी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. तिचं कासलबारकडच्याच एका हाडांच्या डॉक्टरशी ठरलेलं होतं, घरी अजून सांगितलं नव्हतं. तुमच्या आईंना बोलू नका म्हणाली. मी बोललो नाही. पुढे तिचं लग्न झालं तेव्हा आईला मावशीकडूनच कळलं.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी आईने फोन लावलाच नाही. शिऱ्याची ताटली प्रोफेसरांपुढे सरकवून तिने विचारलं, "मास्तर, लढाईत तुम्ही काय करत होते?"

हा प्रश्न मात्र त्यांनी मला इंग्रजीत करायला लावला. मग म्हणाले, त्यांची आई गेली तेव्हा तिची समजूत अशी होती, की मुलगा युद्धभर एका गोदामात ब्लँकेटं बांधत होता. खरं सांगायला बंदी होती. बंदी उठेपर्यंत आई राहिली नाही.

मी ते मराठीत सांगितलं. आईने त्यांच्या ताटलीत आणखी चमचाभर शिरा घातला.

"माय होती ना," ती म्हणाली, "तिले समजलंच असन."

हे मी इंग्रजीत सांगू लागलो, तर प्रोफेसरांनी हातानेच थांबवलं आणि बराच वेळ चहा ढवळत बसले.