ढगवाले मामू

बहारीनच्या आभाळात वर्षाचे बहुतेक दिवस ढगाचा ठिपकाही दिसत नाही, आणि आमच्या मामूंच्या एकाही चित्रात ढगाशिवाय आभाळ नसे. तुबलीच्या एका गॅरेजमध्ये ते गाड्यांना स्प्रे मारत आणि शुक्रवारी निसर्गचित्रं काढत. नव्वदच्या दशकात मी तिथेच क्लार्क होतो. मामू राजापूरचे, मी चिपळूणचा, एवढ्यावर त्यांनी मला भाचा करून टाकलं होतं.

निसर्ग म्हणजे मामूंच्या लेखी वादळ. साधा किनारा काढायला बसले तरी थोड्या वेळात लाटा उसळायच्या, मागे डोंगर उभा राहायचा आणि डोंगरावर धुकं उतरायचं. टेकडी बघायलासुद्धा गाडी काढावी लागते अशा देशात हा माणूस खुशाल कडे नि धबधबे रंगवत बसे. ईसा टाउनच्या एका कुटुंबाने हौसेने आपल्या बिल्डिंगचं चित्र मागितलं, तर मामूंनी तिच्या मागे दरी काढून दिली. त्या बाईंनी ते निमूटपणे आतल्या खोलीत लावलं. मी एकदा म्हटलं, मामू, दिसतं ते काढा की. तर म्हणाले, "जसा हाय तसा काढायला कॅमेरा हाय ना, बाबा. मग मी कशाला?" वर चहाही माझ्याकडूनच उकळला.

म्हणूनच आमच्या अरबाबने, म्हणजे गॅरेजच्या मालकाने, त्यांना काम सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. त्याचे म्हातारे वडील सलमानियाच्या हॉस्पिटलात होते आणि घरी परतण्याची आशा नव्हती. त्यांची खजुराची बाग इमारतीसाठी तोडली जाणार होती, आणि ते रोज बागेत न्या म्हणत. मुलाने फोटो नेले, तर ही माझी बाग नव्हे म्हणून त्यांनी ते बाजूला सारले. आता चित्र तरी ओळखतील, एवढीच अरबाबची आशा होती. त्याने बजावलं, "डोंगर मफी," म्हणजे डोंगर अजिबात नको. मामू "इंशाल्ला" म्हणाले, आणि मला धडकीच भरली.

डोंगर नव्हता, एवढंच. बाकी काळंभोर आभाळ, धो धो पाऊस, आणि कित्येक वर्षं कोरडा पडलेला बागेतला पाट काठोकाठ भरलेला. भरीला कोपऱ्यात लुंगी नेसलेला, छत्री धरलेला एक माणूस. अरबाबने कपाळाला हात लावला. पण तोवर झाडं पडली होती, दुसरं चित्र काढणार कशाचं?

हॉस्पिटलात चित्र मामूंनीच धरलं. मी शेजारी खाली मान घालून उभा. म्हाताऱ्याने पाटातल्या पाण्यावर बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग मुलाकडे वळून विचारलं, तुझ्या फोटोत हे पाणी कुठे होतं? अरबाबचे डोळे भरून आले. एवढ्यात म्हाताऱ्याचं बोट छत्रीवर आलं. हा कोण?

मामूंची अरबी गॅरेजपुरती. तरी त्यांनी सरळ सांगितलं, की तो माझा बाप. मी सुट्टीवर आलो की बंदरावर छत्री घेऊन वाट बघायचा. तो गेला तेव्हा मी इथे होतो, मातीला पोचलो नाही. मामूंची मी इतकी चेष्टा केली, पण हे त्यांनी मला कधी कळू दिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

 म्हातारा मामूंना म्हणाला, "माझ्या बागेत पाहुणा पावसात उभा राहत नाही. त्याला झाडाखाली बसव."

पुढच्या शुक्रवारी मामू चित्र दुरुस्त करून घेऊन गेले. बाप सगळ्यांत जुन्या खजुराच्या बुंध्याशी टेकून बसला होता. छत्री मिटून शेजारी ठेवली होती.