मामांच्या मुंग्या

माझ्या मोठ्या मामांइतका मुंग्यांवर विश्वास टाकणारा माणूस ठाण्यापासून कल्याणापर्यंत दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असे वाटत नाही. माणसांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सारी नोकरी ठाण्याच्या कचेरीत झालेली. लाच न खाणारा माणूस आपण एकच पाहिला आणि तोही आरशात, असे ते छातीवर हात ठेवून सांगत. पेन्शन घेऊन ते कल्याणास येऊन राहिले. मी तेथल्या कोर्टात उमेदवारी करीत होतो, म्हणून त्यांच्याच घरी माझे बिऱ्हाड. त्या सुमारास मामांना विलक्षण तहान लागू लागली. तांब्यामागून तांब्या रिता होई आणि अंगरखा दिवसेंदिवस सैल पडू लागला. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, "रक्तात गोडी उतरली आहे" असे सांगितले आणि पोथी उघडली. या रोग्याने जोडा-छत्री टाकून कोसच्या कोस चालावे, नाहीतर विहीर खणावी, असे पोथीत होते. मामांनी परसाकडे एक नजर टाकली. "विहीर आहे आमच्याकडे," ते म्हणाले. "चालतो."

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर लघवीत निळे औषध घालून ती उकळीत. रंग तांबडा झाला की साखर आहे म्हणत. मामांना हे मुळीच पटेना. "बाटली डॉक्टरची, औषध डॉक्टरचं, आणि रंग कुठला तेही डॉक्टरच सांगणार! त्यापेक्षा मुंगीला विचारा. मुंगी लाच खात नाही." म्हणून रोज उजाडताच शेवग्याखाली मातीची एक परळ ठेवली जाई. तीत काय असे, ते सांगायला नको. स्नानसंध्या उरकून मामा परळेपाशी पाट मांडून बसत आणि मुंग्यांची रांग निरखीत. लग्नाची पंगत झोडली की दुसऱ्या दिवशी परळ काळी होई. शहाडपर्यंत चालून आले की रांग विरळ होई. याचे त्यांना फार नवल वाटे. "अरे, मग ती साखर जाते कुठे?" असे म्हणत ते भर जेवणात आपल्या पोटऱ्या दाबून पाहत. "चालणारा पायच ती खात असला पाहिजे. बसलेल्या पायाला कसली आलीय भूक?" आगगाडीचे तर त्यांनी नावच टाकले. गाडीत बसलो तर कोळसा जळेल, माझी साखर जळणार नाही, हे त्यांचे उत्तर ठरलेले.

एके दिवशी परळेकडे एकही मुंगी फिरकली नाही. मामांनी विजय जाहीर केला, परळ कोनाड्यात ठेवली, ओटीवर बैठक मारली आणि शिऱ्याची फर्माईश केली. थोड्याच दिवसांत तांबे पुन्हा रिते होऊ लागले. मामींचा जीव टांगणीला लागला. त्यांनीच आर्जवे करून परळ पुन्हा ठेवायला लावली. मुंग्या धावून आल्या आणि मामा मुकाट्याने चालू लागले. त्यानंतर मुंग्या कधी हटल्याच नाहीत. तहान गेली, अंगरखा भरला, तरी मुंग्या होत्याच. मामा चिडून आणखी लांब जात, टिटवाळा, कधी खडवली. निघताना स्वयंपाकघराकडे तोंड करून "येतो गं" म्हणत, आणि आतून बांगड्या वाजत.

एकदा मामा स्नानाला गेले असता मामी परळेच्या काठाला चिमूटभर साखर लावताना मला दिसल्या. मी जवळ गेलो.

"अरे, मुंग्यांना साखर घालणं पुण्याचं," त्या म्हणाल्या. "आणि त्या दिसल्या नाहीत की स्वारी ओटीवरून हलत नाही, पाहिलंस ना मागं? चालताहेत तोवर आहेत रे. तू काही बोलायचं नाही."

मी बोललो नाही. मामा कित्येक वर्षे ठणठणीत चालले, आणि एका पावसाळ्यात मामीच तापाने गेल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर मामांनी शेवग्याखाली परळ ठेवली. मुंगी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. परळेच्या काठावर साखरेचा नुसता पांढरा डाग उरला होता, कण मुंग्यांनी केव्हाच नेले होते, त्यावर ते बोट फिरवीत होते.

"सारा जन्म कचेरीत काढला," ते म्हणाले, "आणि घरात चाललेली लाच मला कळली नाही."

मला रडू आवरेना. आता हे ओटीवर बसणार आणि उठणार नाहीत, अशी मला धास्ती वाटली.

मामा स्वयंपाकघरात गेले. डबे धुंडाळल्याचा आवाज झाला. साखर कुठे असते हे त्यांना ठाऊक नव्हते. चिमूट घेऊन ते बाहेर आले, ती परळेच्या काठाला लावली आणि पाटावर बसून राहिले. पहिली मुंगी आली तसे उठले, पागोटे घातले, काठी घेतली, आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "येतो गं."